डब्यातली फुलं

ओर्नेला बार्बेरिसला सगळ्याचीच भीती वाटे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ती जिन्यावरून तीनदा परत येई. फोन वाजला की उचलण्याआधी तिच्या डोळ्यांसमोर दोन-तीन मयतं होऊन जात. रोक्कालुपा गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेकरीवाला सकाळी पाव देताना विचारी, "काय ओर्नेला, आज आकाश पडणार का?" त्यावर हसता हसता ती खरोखरच एकदा वर बघून घेई.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. तिच्या वडिलांचा द्राक्षमळा होता आणि घराखाली दारूचं तळघर. त्या तळघरातून बाटली आणायला सांगितलं की तिची पाचावर धारण बसे. शाळेतल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनी ते ओळखलं आणि तिला एक चित्र दिलं. हाताएवढ्या कागदावर एक पोरगा, शाळेच्या कोटातला, केस नीट विंचरलेला. संत दोमेनिको साव्यो. "हा इथलाच," सिस्टर म्हणाल्या होत्या, "आपल्याच टेकड्यांमधला. मैलोन्‌मैल एकटा चालत शाळेला जायचा. पंधरा पुरी व्हायच्या आत गेला, पण कशाला भ्याला नाही." त्या दिवसापासून ओर्नेला चित्र फ्रॉकच्या खिशात घालून तळघरात उतरू लागली. भीती गेली नाही, पण बाटली वर येऊ लागली.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा मोठा होऊन जर्मनीला गेला. नवरा पिएरीनो चार वर्षांपूर्वी एका रविवारी जेवणाच्या टेबलावरच गेला. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करी आणि दर शनिवारी चर्चमागच्या खोलीत मुलांना धर्मशिक्षण देई. ते काम तिने मागून घेतलं नव्हतं. सिस्टर गाव सोडून गेल्या, दुसरं कुणी पुढे येईना, आणि तिला नाही म्हणायचीही भीती वाटली. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

यंदाच्या वर्गात बारा मुलं होती, सगळी अकरा-बारा वर्षांची. बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या दृढीकरणाच्या संस्काराला बसणारी. फादर सिल्वानो म्हणत, "ओर्नेला, यांना तो नवा संत सांग. जीन्स घालणारा, कॉम्प्युटर चालवणारा. पोरांना आपला वाटतो." ती सांगे, मुलांना तो आवडेही. पण तिचा जीव अडकलेला दोमेनिकोत. त्याची गोष्ट सांगताना तिचा आवाज बदले, पाठ ताठ होई. दोमेनिकोने थंडीत पातळ चादर घेतली, अंथरुणात दगड आणि लाकडाचे तुकडे घातले, आणि त्यावर निजला; येशूने सोसलं तसं आपणही थोडं सोसावं म्हणून. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. इथे येऊन ती थांबे. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता होई. त्या शांततेपुरती ती भित्री ओर्नेला राहत नसे.

गोष्ट तिथे संपत नव्हती. पण ती तिथेच संपवी.

मे महिना येशूच्या आईचा, मरियेचा. या महिन्यात मुलं मरियेला फुलं वाहतात. खरी फुलं नव्हेत. आवडती एखादी गोष्ट सोडायची, नाहीतर नावडती एखादी करायची, त्याला फूल म्हणायचं. दर शनिवारी ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ओर्नेला डब्याला चिकटपट्टी लावी आणि दरवर्षीचंच वाक्य म्हणे, "हे फक्त मरिया वाचते. मी नाही, फादर नाहीत, आयाही नाहीत." एकतीस तारखेला चर्चच्या अंगणात सगळ्या चिठ्ठ्या न उघडता जाळायच्या. मध्येच मोडलं किंवा कुणाजवळ बोललं की फूल कोमेजलं, मग पुन्हा पहिल्यापासून. हा नियम तिच्या आजीच्या वेळेपासून चालत आलेला.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी खानावळीत टोमॅटोचा पास्ता होता. ओर्नेला खिडकीआड डाव घेऊन उभी होती. तिच्या वर्गातली चार-पाच मुलं ताट घेऊन रांगेत होती आणि नियम विसरून तोंडं चालली होती.

"मी महिनाभर चॉकलेट सोडलंय."

"चल, खोटारडा! गुरुवारी माझ्यासमोर खाल्लंस."

"तो केक होता. केकमधलं धरत नाहीत."

"कुणी सांगितलं? पोपने?"

तेवढ्यात तोबिया म्हणाला, "तुमची सगळी प्लॅस्टिकची फुलं. आपल्यातल्या एकाचं बघा. मी डोळ्यांनी बघितलंय, रोज रक्त येतं, पण हूं की चूं नाही. अगदी दोमेनिकोसारखं."

ओर्नेलाच्या हातातला डाव तसाच राहिला. पास्त्याचा रस तिच्या मनगटावरून खाली ओघळला.

"तोबिया, इकडे ये. कुणाचं रक्त?"

"नाही सांगता येणार, बाई."

"का नाही?"

"माझं फूलच ते आहे. महिनाभर कुणाची चहाडी करायची नाही. सव्वीस दिवस झालेत. आता सांगितलं तर पुन्हा एकपासून! तुम्हीच म्हणालात."

"बरं, नाव नको सांगूस. रक्त कुठून येतं ते सांग."

तोबियाने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाई, ते सांगितलं की तुम्हाला कळणार नाही का? तुम्ही काय वेड्या आहात?" आणि तो ताट घेऊन पसार झाला.

या वेळची भीती नेहमीची नव्हती. नेहमीची भीती भिरभिरत येई आणि कशावरही बसे. ही एका जागी बसली, थंडगार. तिने टेबलांवर नजर फिरवली. बारा मुलं. जेवत होती, एकमेकांना ढोसत होती. आजकाल टीव्हीवर, फोनवर मुलांबद्दल काय काय ऐकू येतं, ते सगळं तिला एकदम आठवलं. जिनेव्राने एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. जिनेव्राने पास्ता अर्धा टाकला होता.

दुपारी घरी जाऊन तिने जिनेव्राच्या आईला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी बोबडी वळली. "सहज विचारते... जिनेव्राचे हात... म्हणजे बाह्या..."

"काय म्हणायचंय तुम्हाला, ओर्नेला?" पलीकडचा आवाज चढला. "तिला उन्हाची ॲलर्जी आहे. शाळेला पत्र दिलंय. माझ्या पोरीकडे माझं लक्ष नाही असं म्हणताय का? तुम्ही पास्त्यात मीठ किती घालता तेवढं बघा."

मग तिने फादर सिल्वानोंना फोन केला. त्यांच्याकडे तीन गावांची चर्चं होती, ते नेहमी गाडीतच सापडत.

"फादर, डबा उघडू का?"

"कुठला डबा? ओर्नेला, थांब, मागे ट्रॅक्टर आहे... हं, बोल."

तिने सांगितलं.

"बाई माझे, गेल्या वर्षी हीच पोरं म्हणाली होती, वर्गाच्या माळ्यावर भूत आहे. तू माझ्याकडून तिथे पवित्र पाणी शिंपडून घेतलंस. आठवतं? घुबडांचं घरटं निघालं."

"पण हे खरं असलं तर?"

फादरांचा आवाज मऊ झाला. "हे बघ. या मुलांना आजकाल कोण काय देतं? आपण त्यांना एकच गोष्ट दिलीय, शब्द. डबा उघडलास तर ती आपलं पुन्हा काही ऐकणार नाहीत. रविवारी जाळायचंच आहे. पाच दिवस कळ काढ."

ती रात्र तिने कशीबशी काढली. सकाळी खानावळीत कांदा चिरायला बसली आणि उठली. मदतनीस बाईला म्हणाली, "आलेच," आणि ॲप्रन न सोडता चर्चकडे निघाली. वाटेत दोनदा परत फिरली. एकदा पुलापाशी, एकदा चर्चच्या दारात.

डबा मरियेच्या मूर्तीच्या पायाशी होता. तिने तो उचलून फादरांच्या पूजावस्त्रांच्या खोलीत नेला, मूर्ती दिसणार नाही अशी पाठ करून बसली आणि नखाने चिकटपट्टी काढली. झाकण हातातून निसटून फरशीवर खणखणत गेलं. ती दचकून उभी राहिली. कुणी आलं नाही.

एकेक घडी ती उलगडू लागली. 'भावाला फक्त रविवारी मारीन.' 'संध्याकाळी सात ते आठ फोन नाही.' 'आजोबांच्या घोरण्याची नक्कल करणार नाही.' 'कोबी.' नुसतंच कोबी. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती हसली असती.

मग पिवळ्या कागदाची एक चिठ्ठी आली. 'बुटात हेझलनटचं फुटलेलं कवच ठेवणार. ३१ पर्यंत काढणार नाही. कुणाला सांगणार नाही. त्याच्याबदल्यात आजीने मला परत ओळखावं.' आणि खाली आणखी एक पिवळी, नंतरच्या शनिवारची. 'काल आजी माझ्याकडे बघून हसली. लागू पडतंय. आता दुसऱ्या बुटातही घालते.' तिसरी पिवळी चिठ्ठी छोटी होती. 'सुजलंय. पण दोमेनिको बोलला नाही.'

चिठ्ठीवर नाव नसलं तरी वर्षभर वह्या तपासलेल्या होत्या. हे टपोरं अक्षर नोएमीचं. नोएमी! जी कालच पास्ता दुसऱ्यांदा मागायला आली होती, जी वर्गात सगळ्यात मोठ्याने गायची. बारांमध्ये जिच्याकडे ओर्नेलाने संशयाने एकदाही बघितलं नव्हतं ती.

ओर्नेला धावत सुटली. सत्तावन्न वर्षांची बाई, ॲप्रनमध्ये, भर रस्त्याने. बेकरीवाला दारात आला, काहीतरी बोलणार होता, तिचा चेहरा बघून बाजूला झाला.

मधली सुट्टी होती. नोएमी पटांगणात व्हॉलीबॉल खेळत होती. उडी मारून खाली आली की क्षणभर डोळे मिटत होती, एवढंच.

"नोएमी. बूट काढ."

"का, बाई?"

"काढ म्हणते ना."

नोएमीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. एक पाऊल मागे सरली. "तुम्ही वाचलंत?"

ओर्नेला आणखी जवळ गेली.

"तुम्ही म्हणाला होतात, फक्त मरिया वाचते!"

मागून तोबिया किंचाळला, "मी नाही हं सांगितलं! नोएमी, देवाशपथ, मी काही बोललो नाही!"

नोएमी खाली बसली आणि दोन्ही हातांनी बूट घट्ट धरून राहिली. "रविवारपर्यंत, बाई. फक्त रविवारपर्यंत. चारच दिवस. आजी हसली, तुम्हाला माहीत नाही, ती खरंच हसली..." ओर्नेलाने तिचा हात धरला तेव्हा तो तापलेल्या तव्यासारखा लागला. तिने आयुष्यात कुणावर जबरदस्ती केली नव्हती. आता तिने त्या पोरीची बोटं एकेक करून सोडवली आणि उजवा बूट ओढून काढला. मोजा पायाला चिकटला होता. वास आला. जवळ उभी असलेली मुलं मागे हटली. घोट्यापासून वर पोटरीकडे एक लाल रेघ निघाली होती, कुणी पेनाने ओढल्यासारखी.

आस्ती शहरातल्या हॉस्पिटलला पोचेपर्यंत नोएमीची आई लुइझेल्ला गाडीत तेच ते पुन्हा पुन्हा बोलत होती. "मी रोज घरात असते. आईला भरवते, आईला धुते, आईने रात्री दार उघडून बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी निजते. आणि मला माझ्या पोरीचा पाय दिसला नाही." नोएमी मागच्या सीटवर ओर्नेलाच्या मांडीवर डोकं ठेवून होती. दातावर दात आपटत होते, तरी विचारलं की म्हणे, "नाही, नाही दुखत."

डॉक्टरांनी जखमा चिरून साफ केल्या. डाव्या पायाची जखम वरवरची होती, उजव्यात विष वर चढलं होतं. "रक्तात पसरलं की नाही ते दोन दिवसांत कळेल," असं म्हणून ते दुसऱ्या दाराने निघून गेले.

लुइझेल्ला बाकावर बसली आणि पहिल्यांदाच ओर्नेलाकडे वळली. "ती दगडांची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना?"

"हो."

"मलाही तुम्हीच सांगितली होती. मी याच वर्गात होते." बस, एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी ताप चाळीसला गेला. शुक्रवारी पहाटे उतरला आणि दुपारी पुन्हा चढला, औषध बदललं. ओर्नेला कॉफीच्या मशीनशेजारच्या खुर्चीवर बसून होती. आत जायची तिची हिंमत नव्हती, घरी जायची तर त्याहून नव्हती. आयुष्यभर तिने हजार गोष्टींची भीती बाळगली होती, त्यातली एकही खरी झाली नव्हती. जी खरी झाली, तिच्या जवळून ती दर शनिवारी निर्धास्त गेली होती. तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला. 'देवा, हिला वाचव, मी...' इथेच ती अडखळे. मी हे सोडीन, मी ते करीन. पोरीने हेच तर केलं होतं. देवाशी सौदा. तो तिला कुणी शिकवला? मग ती नुसतीच बसे, हात मांडीवर उघडे टाकून.

फादर सिल्वानो आले. तिच्या शेजारी बसले. "मी थांब म्हणालो होतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "ओर्नेला, तू थांबली असतीस तर..."

शनिवारी सकाळी ताप उतरला तो उतरलाच. दुपारी लुइझेल्ला दारात येऊन म्हणाली, "ती तुम्हाला बोलावतेय. रागात आहे, आधीच सांगते."

नोएमी उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झाला होता. पायाचं गाठोडं चादरीबाहेर होतं. "आता माझं फूल धरणार नाहीत," ती म्हणाली. "तुमच्यामुळे. आजीचं राहिलंच."

ओर्नेला पलंगाच्या कडेशी उभी राहिली. "मी तुम्हाला गोष्ट अर्धीच सांगितली," ती म्हणाली. "पुढची अर्धी अशी आहे. अंथरुणातले दगड त्याच्या गुरुजींना कळले. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ते म्हणाले, असलं काही मला विचारल्याशिवाय अजिबात करायचं नाही. थंडी वाजते, ऊन लागतं, मित्र चेष्टा करतात, तेवढं सोस, पुष्कळ झालं. आणि त्याने दगड काढून टाकले."

"म्हणजे त्याला पकडलं?"

"हो."

"मग तो गुरुजींवर चिडला?"

"ते कुठे लिहिलेलं नाही. पण त्याने ऐकलं."

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

खोटं बोलायला जागा होती. विसरले म्हणता आलं असतं. "दगडांपाशी थांबलं की तुम्ही सगळे गप्प होता," ओर्नेला म्हणाली. "मला ते आवडायचं. पुढचं सांगितलं की गोष्ट मिळमिळीत होते, असं मला वाटायचं."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या लुइझेल्लाने मान वळवून घेतली.

"आणि आजी? आजी मला ओळखेल?"

"माहीत नाही गं. बहुतेक नाही ओळखणार. कवच असतं तरी नाही, नसलं तरी नाही."

नोएमीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन आली, पट्टी बदलायला. जाडजूड, लगबगीची बाई. "काय राणी, दुखतंय का?"

"नाही," नोएमी लगेच म्हणाली.

ओर्नेलाला मंगळवारची ती थंडगार भीती पुन्हा वाटली. पोरीचं ते न बोलणं अजून गेलेलं नव्हतं. पाय साफ झाला होता, आतलं तसंच होतं. नर्स पट्टी सोडवत होती, जखमेच्या कडेने बोटाने दाबत होती. "इथे? नाही? इथे?" नोएमीने खालचा ओठ दातात धरला होता. ओठ पांढरा पडला होता.

"नोएमी," ओर्नेला म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही, इतका तो मोठा होता. "नर्स विचारतायत. खरं सांग."

नर्सने टाचेच्या बाजूला दाबलं.

"दुखतंय!" नोएमी ओरडली. "तिथे! तिथेच! खूप दुखतंय, पहिल्या दिवसापासून दुखतंय!" आणि जे रडू फुटलं ते थांबेना. हुंदक्यांत आजीचं नाव होतं, आईचं होतं, बाईंना शिव्याही होत्या.

"अस्सं. आता कळलं," नर्स म्हणाली. तिने वाकून बघितलं, तिची लगबग थांबली. "इथे आत अजून पू धरलाय. काल मी हीच जागा दाबली तर नाही म्हणालीस. बरं झालं बोललीस." तिने दारातून डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर आले, सुई आली. लुइझेल्लाने एका बाजूने पोरीला कवटाळलं. नोएमीचा दुसरा हात मोकळा होता. तो हवेत काहीतरी धरायला शोधत होता. ओर्नेलाने आपला हात पुढे केला. नोएमीने तो असा आवळला की बोटांची हाडं कळवळली. ओर्नेलाला रक्त बघवत नसे, सुई बघवत नसे, ओरडणं ऐकवत नसे. तिचं अंग दाराकडे झुकलं; दार दोन पावलांवर होतं.

"बाई, हलू नका," डॉक्टर म्हणाले, "ती हलते मग."

ओर्नेला हलली नाही.